पाच रुपये सोळा पैशांचा कॉम्प्युटर

‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एक वर्षाची वॉरंटी, फक्त १४ हजार.’ पनवेल, कळंबोली, कामोठे या पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अशी जाहिरात कायम फिरत असते. सोबत कॅबिनेटचा फोटो, आत लाल-निळे दिवे. वाचणाऱ्याला एवढंच माहीत असतं की आय-थ्री लहान, आय-फाइव्ह मधला, आय-सेव्हन मोठा. चौदा हजारांत मोठा मिळतोय म्हटल्यावर हात फोनकडे जातोच.

माझ्या मित्राचाही गेला होता. टपाल नाक्याजवळ एका जिन्याखाली त्याचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. जुन्या पनवेलमधले किराणा दुकानदार, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रान्सपोर्टवाले, दोन-तीन डॉक्टर, काही सोसायट्या, असा त्याचा कारभार. त्याची भाची नवीन पनवेलला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वर्गातल्या मुलांना पीसी जोडून देते. ती त्याला मामा म्हणते, म्हणून या लेखातही तो मामाच. गोष्ट जानेवारी २०२६ मधली. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली होती आणि गावात जागांच्या भावाशिवाय दुसरा विषय नव्हता. या ऑफिसात मात्र विषय मदरबोर्डचा होता. मी माझे कागद द्यायला गेलो आणि वाद ऐकत बसलो. ऐकलं ते थोडं नीटनेटकं करून देतो. मध्येमध्ये माझं घोडंही पुढे दामटणार आहे.

मामाचा कॉम्प्युटर जून २०१२ चा. तीस हजारांना घेतलेला. आय-थ्री २१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. आधी विंडोज ७, नंतर १०.

मामा : चौदा हजारांत आय-सेव्हन मिळतोय. तू म्हणतेस नुसता बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यालाच वीस हजारांच्या आसपास जाईल, आणि प्रोसेसर कुठला, तर आय-थ्री! अगं, आय-थ्री माझ्याकडे आत्ताही आहे.

भाची : पुढचा आकडा वाच ना मामा.

मामा : जाहिरातीत नाही. विचारल्यावर सांगितला, २६००.

भाची : आणि तुझा?

मामा : २१२०.

भाची : दोन्ही चार आकडी, दोन्ही दोनने सुरू होणारे. म्हणजे दोन्ही इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे, २०११ चे. तुझा आय-थ्री आणि जाहिरातीतला आय-सेव्हन हे सख्खे भाऊ आहेत. तो थोरला, एवढंच. मी सांगतेय तो आय-थ्री १२१००, बाराव्या पिढीचा, २०२२ च्या जानेवारीत आलेला. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड. त्या आय-सेव्हनमध्येही चार कोअर आणि आठ थ्रेड. पण एकेका कोअरचं काम मोजलंस तर नवा दुपटीच्या आसपास जातो. जुन्याचा विजेचा आकडा ९५ वॅट, नव्याचा मूळ आकडा ६०.

मामा : पण तो सांगतो बोर्ड नवा आहे. पॅकबंद खोकं.

भाची : खोकं नवं असेल. आत एच६१ असणार. तो चिपसेट २०११ मध्ये आला. वेगवेगळ्या छोट्या कंपन्या त्यावरचे बोर्ड अजून बनवतात, कारण बाजारात जुने प्रोसेसर आणि जुनी डीडीआर३ रॅम पोत्यांनी पडली आहे आणि ती बसवायला काहीतरी लागतं. ऑफिसांमधून निघालेला प्रोसेसर, निघालेली रॅम, आणि त्याखाली नवा कोरा बोर्ड. वर्षभराची वॉरंटी दुकानदाराची. इंटेलचा त्याच्याशी संबंध नाही.

इथे मला भाचीची बाजू घ्यायला हरकत नाही, पण विक्रेत्याला सरसकट लबाड म्हणायचीही इच्छा नाही. घरी पोराला शाळेचा प्रकल्प टाइप करायचा, आजोबांना कीर्तनं ऐकायची, तर असलं मशीन चालतं. फसवणूक असलीच तर ती गप्प बसण्यात आहे. जाहिरातीत ‘आय-सेव्हन’ लिहितात आणि पुढचे चार आकडे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

मामा : बरं, ते राहू दे. मी जाहिरातीतलं घेत नाही. पण मग हेच का बदलायचं? चालतंय ना?

भाची : चालतंय? सकाळी बटण दाबून तू चहा पिऊन येतोस तेव्हा कुठे टॅली उघडते. आणि रोज तारीख घालतोस ती वेगळीच.

हा तारखेचा प्रकार मीही पाहिला होता. मेन स्विच बंद करून रात्री गेलं की सकाळी कॉम्प्युटरला वाटतं २०१२ चालू आहे. मग जीएसटीचं पोर्टल उघडायला जावं तर ब्राउझर घड्याळ मागे असल्याचं सांगून दार लावून घेतो, कारण पोर्टलच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तारीख त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. मामा रोज इमानेइतबारे तारीख दुरुस्त करायचा. भाचीने कॅबिनेटची बाजू उघडली, आतली धूळ ब्रशने बाजूला केली आणि बोर्डावरची रुपयाएवढी गोल बॅटरी नखाने उचकटून काढली. सीआर२०३२. घड्याळाच्या दुकानात पन्नास रुपयांच्या आत मिळते. नवी बसवली आणि तारीख जागेवर राहिली.

मामा : बघ! पन्नास रुपयांत काम झालं. मी वीस हजार घालायला निघालो होतो.

भाची : थांब. अजून एक दाखवते. हे टास्क मॅनेजर. आता टॅली उघड, एक्सेल उघड आणि ब्राउझर उघड.

मामा : उघडलं.

भाची : डिस्क किती?

मामा : शंभर टक्के.

भाची : प्रोसेसर?

मामा : वीस… बावीस.

भाची : …

मामा : गप्प का झालीस? तूच सांग. प्रोसेसर बसून आहे, मेहनत हार्डडिस्क करतेय. मग प्रोसेसर बदलून काय मिळणार? पगार वाढवायचा तर जो काम करतोय त्याचा वाढवावा की जो बसलाय त्याचा?

या फेरीत मामा जिंकला, आणि हे मोकळेपणाने लिहायला हवं, कारण जुना कॉम्प्युटर सुधारायला निघालेल्या दहांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. चक्राकार फिरणारी हार्डडिस्क बारीकसारीक फायली वेचताना दमते. त्यात रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज उरलेला पसारा हार्डडिस्कवरच मांडतं, म्हणजे दमलेल्याच्याच डोक्यावर आणखी ओझं. अशा वेळी साध्या सॅटा एसएसडीने आणि डीडीआर३ ची आणखी एक पट्टी घालून जो फरक पडतो तो नव्या प्रोसेसरने पडत नाही. एच६१ बोर्डावर सॅटाचा वेग ३ गिगाबिटपर्यंतच आहे, त्यामुळे एसएसडीची पूर्ण ताकद तिथे दिसणार नाही. तरी हार्डडिस्कच्या मानाने मशीन नवं वाटतं. बोर्डाच्या दुकानाची पायरी चढण्याआधी प्रत्येकाने टास्क मॅनेजर एकदा उघडून बघावा.

भाची : ठीक आहे. वेगासाठी एसएसडी पुरे, मान्य. आता वेग सोड. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं. पुढे जायचं तर विंडोज ११, आणि त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच चालते. शिवाय टीपीएम २.० लागतं. तुझी दुसरी पिढी. त्या आय-सेव्हनचीही दुसरीच.

मामा : वर्षभराची मुदतवाढ आहे म्हणतात.

भाची : आहे, नाव नोंदवलं तर. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

मामा : मग झालं की. ऑक्टोबरला बघू. आणि नाक्यावरचा तो पोरगा म्हणतो, अकरा जुन्यावरही टाकून देतो. तपासणीला बगल देऊन.

भाची : टाकता येतं, मीही टाकून दिलंय. पण कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. पुढचे अपडेट येतील याची हमी नाही. कुणाच्या गेमिंगसाठी हे ठीक. तुझ्या या खोक्यात काय आहे ते बघ मामा. किती जणांचे पॅन आहेत? बँक स्टेटमेंट? डॉक्टरांच्या डिजिटल सहीचे टोकन तर ड्रॉवरमध्ये पासवर्डच्या चिठ्ठीसकट आहेत.

मामा : चिठ्ठीचा आणि विंडोजचा काय संबंध?

भाची : दोन्ही तुझ्याच ऑफिसातली भोकं आहेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. टप्प्याटप्प्याने लागू होतील. उद्या काही झालं तर ट्रान्सपोर्टवाला तुला विचारेल, ‘साहेब, अपडेट बंद झालेल्या मशीनवर माझं खातं का ठेवलं?’

मामा यावर काही बोलला नाही. ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या मात्र त्याने खिशात घातल्या. वाद खरा इथे वळला. स्वतःच्या फोटोंचा प्रश्न असता तर मी मामाच्या बाजूने एसएसडीवर थांबलो असतो. दुसऱ्याचे कागद सांभाळणाऱ्याला ती सवलत नाही, असं माझं मत आहे.

मामा : बरं, बदलू. पण नवंच कशाला? मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल, एचपीचे डेस्कटॉप मिळतात. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी, एसएसडी, विंडोज ११ चालतं. सगळं मिळून तुझ्या बोर्ड-प्रोसेसरपेक्षा स्वस्त.

भाची : हा तुझा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे.

मामा : उपकार झाले.

भाची : खरंच सांगते. घरी एखाद्याला मी तेच सांगितलं असतं. अडचण एवढीच की त्या छोट्या डब्यांचा बोर्ड त्यांच्याच मापाचा असतो, पॉवर सप्लायही त्यांच्याच घाटाचा, प्लगही वेगळा. उद्या बोर्ड गेला तर बाजारात दुसरा बोर्ड आणून त्यात बसत नाही. तसलाच जुना शोधायचा किंवा डबा भंगारात. वीस तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं आणि एकोणिसाला बोर्ड गेला, मग?

मामा : मग मी तुला फोन करीन.

भाची : आणि मी म्हणेन, चार दिवस थांब. उलट तुझं हे जुनं कॅबिनेट बघ. स्क्रूची भोकं ठरलेल्या मापाची आहेत. २०१२ चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड काढला आणि २०२६ चा बसवला, पत्रा कापावा लागत नाही. गेला तर संध्याकाळपर्यंत दुसरा आणता येतो, कुठल्याही कंपनीचा.

आता दोघे खऱ्या प्रश्नावर आले: कुठला बोर्ड, कुठला प्रोसेसर. बहुतेक लोक इथे चुकीच्या क्रमाने जातात. आधी प्रोसेसर ठरवतात आणि मग उरलेल्या पैशांत बोर्ड बघतात. बोर्ड ठरला की रॅम कुठली, डिस्क कुठली, जुना मॉनिटर आणि प्रिंटर लागेल की नाही, पाच वर्षांनी काय बदलता येईल, हे सगळं ठरतं. प्रोसेसर नंतर बदलता येतो. बोर्ड बदलायचा तर पुन्हा सगळं उलगडायचं.

मामा : एएमडी स्वस्त पडतो म्हणतात.

भाची : पडतो, आणि मी मित्रांना तोच देते. ए५२० चा बोर्ड, रायझन फाइव्ह ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आतलं ग्राफिक्स इंटेलच्या आय-थ्रीपेक्षा बरंच चांगलं. गेम खेळायचे, व्हिडिओ कापायचे तर डोळे झाकून तोच. तो एएम४ सॉकेट रायझनने २०१७ पासून चालवलाय, त्यामुळे जुन्यातही माल भरपूर. पण टॅली आणि एक्सेल सहाच्या सहा कोअरना कामाला लावत नाहीत. बराचसा भार एकाच कोअरवर असतो, आणि एका कोअरच्या शर्यतीत १२१०० पुढे आहे.

मामा : म्हणजे तुझ्या मित्रांना एक सल्ला, मामाला दुसरा.

भाची : मित्रांना गेम खेळायचे असतात, तुला थ्री-बी भरायचं असतं.

मामा : दुकानदार म्हणाला, ‘१२१००एफ घ्या, हजार-दीड हजार वाचतील.’

भाची : ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडद्यावर काही येणार नाही. मग तू त्याच्याकडे जाशील आणि तो तुला चार हजारांचं कार्ड विकेल.

मामा : आणि बोर्ड?

भाची : एच६१०. पण एच६१० दोन प्रकारचे येतात, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. एक घेतला की दुसऱ्याची रॅम त्यात बसत नाही, खाचच वेगळी आहे. तुझी डीडीआर३ तर दोन्हींत नाही. तिला २४० पिना आहेत, यांना २८८.

मामा : म्हणजे रॅमही नवी. आणि रॅमचे भाव?

भाची : ते विचारू नकोस.

मामा : विचारणार. पेपरात वाचलंय मी. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी ओढून नेली. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीर केलं की क्रुशियल नावाने ग्राहकांना विकणंच बंद करणार. काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. आणि तू मला नेमकं आत्ता, रॅम सोन्याच्या भावाने असताना, चालती रॅम फेकून नवी घ्यायला सांगतेस.

भाची : म्हणून तर डीडीआर४ चा बोर्ड म्हणतेय. माझ्याकडे एका मित्राची डीडीआर४ ची ८ जीबीची पट्टी पडून आहे, त्याने १६ ची जोडी घातली म्हणून. जुनी रॅम तपासून घेतली तर सहसा त्रास देत नाही. एक पट्टी लाव, दुसरी जागा मोकळी ठेव. भाव उतरले की भर.

मामा : आणि मित्र पैसे किती घेणार?

भाची : त्याच्या बाबांचं रिटर्न तू भरतोस.

हा व्यवहार माझ्यादेखत ठरला, म्हणून लिहितो. एका पट्टीने ग्राफिक्स थोडं मंदावतं, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला रस्ता रुंद मिळतो. हिशेबाच्या कामात ते जाणवतही नाही. मात्र रॅम जुनी घेण्यात जो शहाणपणा आहे तो बोर्डाला लावू नये. वापरलेल्या बोर्डावर कुणी काय जोडलं, किती पावसाळे खिडकीशेजारी काढले, हे वरून कळत नाही. आणि पनवेलचा पावसाळा ज्याने काढलाय त्याला दमट हवेत तांब्याचं काय होतं ते सांगायला नको.

मामा : माझा मॉनिटर जुना आहे, निळ्या प्लगचा.

भाची : व्हीजीए. स्वस्त एच६१० बोर्डांवर ते भोक अजून असतं. महागड्यांवर काढून टाकलंय. इथे स्वस्तच कामाचा.

मामा : आणि डॉट मॅट्रिक्स? ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तीन प्रतींच्या बिल्ट्या मी त्यावरच काढतो. त्याची केबल ती रुंद, पंचवीस पिनांची.

भाची : अरे हो… हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मामा : तुझ्या मित्रांकडे डॉट मॅट्रिक्स नसतो ना.

भाची फोनवर बोर्डांची माहितीपत्रकं काढून बसली. काही एच६१० बोर्डांवर मागे पॅरलल पोर्ट नसला तरी आत त्याच्या पिना असतात. पट्टीची केबल घेऊन पोर्ट कॅबिनेटच्या मागे काढता येतो. सव्वीस पिनांची ती दोन ओळींची चौकट बोर्डाच्या तळाला असते, चित्रात बारकाईने बघावं लागतं. ज्या बोर्डावर ती होती तो दुसऱ्यापेक्षा थोडा महाग होता. भाचीने तोच धरला. यूएसबीची केबलही मिळते, पण जुने प्रिंटर तिच्याशी नेहमी जुळवून घेतात असं नाही.

मामा : आता पॉवर सप्लाय. हा ४५० वॅटचा आहे, वर लिहिलंय. हा चालेल.

भाची : उचलून बघ.

मामा : हलका आहे.

भाची : आत तांबं कमी, म्हणून हलका. वर ४५० लिहायला कागद लागतो. चौदा वर्षं होत आली त्याला. आणि प्रोसेसरच्या वायरीला चार पिनांचा प्लग आहे, नव्या बोर्डावर आठची जागा असते. १२१०० चारवरही चालेल कदाचित, पण नव्या बोर्डाच्या मागे हा जुना ठेवायचा? जूनमध्ये पहिला वारा सुटला की महावितरणची लाइट दहा वेळा जाते-येते. तेव्हा सगळ्यात आधी मार खातो तो हाच, आणि जाताना बोर्डाला घेऊन जातो.

मामा : म्हणजे आणखी अडीच-तीन हजार.

भाची : हो. आणि हे मी प्रोसेसरच्या पैशांतून काढून इथे घालीन. आय-फाइव्हचा हट्ट मी म्हणूनच धरला नाही. या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर थंड करायचा पत्रा बहुधा नसतो. तुझ्या या जिन्याखालच्या खोलीत मे महिन्यात पंख्याखाली त्यावर मोठा प्रोसेसर चढवला तर तो तापून स्वतःचाच वेग कमी करील. ६० वॅटवाला आरामात राहतो.

मामा : आणि विंडोजचं लायसन? जुन्यावर होतं ते चालेल ना?

भाची : …कॉम्प्युटरबरोबर आलेलं होतं का?

मामा : हो. कॅबिनेटवर स्टिकर आहे बघ.

भाची : मग ते त्या बोर्डाशी बांधलेलं. बोर्ड बदलला की ते गेलं. नवं घ्यावं लागेल.

मामा : आणि हे तू तुझ्या वीस हजारांत धरलं होतंस?

भाची : नव्हतं धरलं.

मामा : म्हणून मी म्हणत होतो, बेरीज आधी, खरेदी नंतर.

बेरीज त्याने तिथेच केली. त्या दिवशीच्या चौकशीत बोर्ड सहा-सात हजार, प्रोसेसर दहा-अकरा, पॉवर सप्लाय तीन, ५०० जीबीची एसएसडी आणि वर विंडोज. वीस हजारांचा आकडा मागे पडला होता. मामाने मग एक गोष्ट केली ती मला पटली. एसएसडी सॅटाचीच घ्यायची असं त्याने ठरवलं, बोर्डावर बसणारी एम.२ नको. कारण सॅटाची आज जुन्या मशीनला लावता येते, वीस तारखेचं काम तिच्यावर उरकता येतं आणि नंतर तीच काढून नव्याला लावता येते. मामाच्या जुन्या एच६१ बोर्डाला एम.२ ची जागाच नव्हती. वेगात एम.२ पुढे आहे हे भाचीने सांगून पाहिलं. मामा म्हणाला, जीएसटीचं पोर्टल वीस तारखेला संध्याकाळी जितकं हळू चालतं तितक्या हळू चालणाऱ्या कुठल्याही डिस्कवर तो समाधानी आहे.

कुठून घ्यायचं यावर फार वेळ गेला नाही. एकेकाळी पनवेलची मंडळी असल्या खरेदीला हार्बर लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला जायची. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचं अधिकृत नाव दुकानांच्या पाट्यांवरच दिसायचं. आता भावातला फरक तिकीट आणि दिवस मोडण्याइतका उरला नाही. भाचीला ऑनलाइन घ्यायचं होतं, मामाला नाक्यावरच्या दुकानातून. मामाचं कारण पक्कं होतं: बोर्ड हातात घेऊन उघडता येतो. एलजीए १७०० च्या बोर्डावर सॉकेटमध्ये केसासारख्या पिना असतात. एखादी वाकलेली असली तर वॉरंटीवाला तुमच्याच माथी मारतो. म्हणून खोकं काउंटरवरच उघडावं, सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण काढून मोबाइलच्या उजेडात तिरकं बघावं, सगळ्या पिना एका रेषेत चमकायला हव्यात. ते झाकण फेकू नये. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना ते लावून द्यावं लागतं. प्रोसेसर ‘ट्रे’मधला सुटा न घेता खोक्यातला घ्यावा, म्हणजे पंखाही येतो आणि तीन वर्षांची वॉरंटीही. हे सगळं भाचीला माहीत होतं. तिचं म्हणणं एवढंच, की कुरिअरने आलेलं खोकंही उघडताना व्हिडिओ काढला की झालं. शेवटी नाक्यावरूनच घेतलं. दुकानदाराने जीएसटीचं बिल आधी नाही म्हटलं, मग समोर कोण उभं आहे ते बघून दिलं.

जोडणीला दुपार गेली. जुना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम भाचीने कॉलेजच्या मुलांना खोलून बघायला नेलं. हार्डडिस्क मात्र मामाने दिली नाही, ती कपाटात आहे. वाचकांनीही देऊ नये. फॉरमॅट मारला म्हणजे आतले पॅन आणि खाती पुसली जातात असा समज आहे, तो खरा नाही.

मग निघाला मामाच्या आवडीचा प्रश्न.

मामा : ही दुरुस्ती धरायची की नवी मालमत्ता? दुरुस्ती धरली तर सगळा खर्च यंदाच वजा. मालमत्ता धरली तर घसारा, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून तोही निम्मा.

भाची : जुन्या कॉम्प्युटरची तुझ्या पुस्तकात आता किंमत किती?

मामाने काढून दाखवली. तीस हजारांवर २०१६-१७ पर्यंत पाच वर्षं ६० टक्क्यांनी, आणि दर ४० वर आल्यावर पुढे २०२४-२५ पर्यंत आठ वर्षं त्या दराने घसारा गेला. ३१ मार्च २०२५ ला उरले पाच रुपये सोळा पैसे.

भाची : पाच रुपयांच्या वस्तूची वीस-पंचवीस हजारांची दुरुस्ती दाखवणार?

मामा : कॅबिनेट जुनंच आहे.

भाची : मॉनिटर, कीबोर्ड आणि डॉट मॅट्रिक्सही. बाकी काय उरलंय?

मामाने बिलं मालमत्तेच्या खात्यात टाकली. त्या वर्षी त्यावर घसारा मिळणार होता २० टक्के.